गाडीवर असलेल्या माणसाला फोन करू नये

आत्या, आज पुन्हा भर दुपारी दिवा लावावा लागला.

ऑफिसच्या खिडकीतून औरंगपुऱ्यातल्या गच्च्या दिसतात, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या दिसतात आणि टाक्यांच्या मागे पश्चिमेचं आभाळ. तू गेल्यापासून मी समोरच्या ड्रॉइंगपेक्षा त्या आभाळाकडे जास्त बघते. मॅडमच्या ते लक्षात आलंय. वाळूजच्या बाजूनं आभाळ पाटीसारखं काळं झालं, की मला तीच भीती वाटते जी तुला वाटायची. फरक एवढाच की तू ती पोटात ठेवायची नाहीस. "आलं गं बाई, आलं," म्हणत आधी दोरीवरचे कपडे ओढायचीस, मग खिडक्या लावायचीस, टीव्हीची पिन काढायचीस आणि शेवटी दारात येऊन बसायचीस. मी नुसती बघत राहते.

तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, लग्न होऊन कुठं गेलीस आणि का परत आलीस, हे सगळं तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत, लोकांनी सांगितलं. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "शिकलेली पोरगी हाय, आत्यानंच वाढवलं तिला. बोल की बाई दोन शब्द." मी उठले, माइक हातात घेतला, त्यातून माझाच श्वास मांडवभर ऐकू आला आणि मी माइक परत दिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढी फी भरली इंग्रजी शाळेची, अन् तोंडाला कुलूपच हाय अजून." म्हणून जे बोलता आलं नाही ते लिहितेय. तेही मराठीत, कारण तुझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत मला भांडता येत नाही. आणि मला तुझ्याशी थोडं भांडायचंय.

या वर्षी उन्हाळा आलाच नाही, हे तुला माहीत आहे. तू त्यातला अर्धा बघितलास. एप्रिल संपता संपता तू कूलर पुसून काढलास, नवा वाळा बसवून घेतलास, आणि तो कूलर खिडकीत तसाच उभा राहिला. मे लागला तसं रोजचंच झालं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची चिकचिक, मग अचानक वारा, धूळ, विजा, आणि आडवा पाऊस. मध्येच गारा. लाइट गेलेली. सुरुवातीला सगळे खूश होते. "आपलं महाबळेश्वर झालं," असं दुकानात, रिक्षात, जिन्यात जो तो म्हणायचा. मग कुणाचे पत्रे उडाले, कुणाच्या गाडीवर झाड पडलं, आणि तो विनोद बंद झाला. मम्मी तिच्या नोकरीच्या गावाहून, सोयगावहून फोनवर सांगायची, केळीच्या बागा आडव्या झाल्यात, आमच्या दवाखान्यात कालच विजेनं भाजलेला माणूस आणला होता. तू फोन स्पीकरवर ठेवून ऐकायचीस आणि मग दिवसभर तेच घोळवत बसायचीस. "झाडाखाली थांबला असल. पावसाचं माणूस झाडाखालीच थांबतं की गं. दुसरं कुठं थांबणार?"

आणि तरीही तुझं असं होतं की त्या पावसातलं तू वाया काही जाऊ द्यायची नाहीस. नळाला पाणी यायला अजून कितीतरी दिवस होते, आणि इकडे गच्चीवर तळं साचलेलं. पन्हाळीखाली तू घरातली सगळी भांडी लावलीस. बादल्या, टोप, पातेली, माझ्या लहानपणीचा अंघोळीचा टब. "वरून फुकट यायलंय तर घ्या की," असं तू शेजारच्या शबाना भाभींना भिंतीवरून ओरडून सांगितलंस. वीज कडाडली तशी किंचाळलीस, आणि किंचाळत किंचाळतच भरलेली बादली बाजूला करून रिकामी सरकवलीस. इतकी घाबरट आणि इतकी व्यवहारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कुरडयांचं तर सांगायलाच नको. मी तुला फोन दाखवला होता. आठवडाभर रोज ढग आणि वीज दाखवत होता. तू त्या चित्रावर बोट ठेवून म्हणालीस, "तुझा मोबाइल इंग्रजीत पाऊस सांगायला. इथल्या आभाळाला कुठं इंग्रजी येतं?" आणि गहू भिजत घातलेस. एकदा गहू भिजले की मागं फिरता येत नाही. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटायचे, चीक काढायचा, आणि त्या चिकाला दुसऱ्या दिवशी ऊन पाहिजेच, नाहीतर तो आंबतो. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. तू गॅसवर चीक घाटत होतीस आणि दर मिनिटाला दारात जाऊन वर बघत होतीस. शेवटी पलंगावरची गादी काढली, प्लॅस्टिक अंथरलं, मी सोऱ्या दाबला आणि तू कुरडया घातल्यास. पलंगावर, पंख्याखाली. पलंग भरला तशा माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावरही. शबाना भाभी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"कमलताई, इनकू बुखार है क्या? पंखे के नीचे सुलाए?"

"हसा भाभी, हसा. तळल्यावर वाटी घेऊन याल ना, तवा मी बी हसते."

"हौ, मैं तो आऊंगी. पण तुम सोएंगे कहां?"

तेवढ्यात लाइट गेली आणि पंखा थांबला. आपण तिघी हसलो. मग तू आणि मी वर्तमानपत्रानं कुरडयांना वारा घालत बसलो, जसं तापातल्या माणसाला घालतात. निम्म्यांना बुरशी आली. उरलेल्या तू निवडून निवडून डब्यात भरल्यास, आणि डबा लावताना म्हणालीस, "पुढल्या साली तुझ्या मोबाइलचं ऐकते."

हे सगळं मला हसत सांगता येतं. जे सांगता येत नाही ते संध्याकाळचं आहे.

पप्पांची ड्यूटी सुटायची वेळ आणि पावसाची वेळ या महिन्यात एकच होऊन बसली होती. वाळूजच्या कंपनीतून घरी यायचं म्हणजे मोटारसायकलवर सगळं शहर आडवं कापून यायचं. हायवेवरचे कंटेनर, नगर नाका, छावणीतली ती म्हातारी झाडं, मग जालना रोडची गर्दी. कंपनी लहान, तिला बस नाही. शॉपवर, म्हणजे आत मशीनवर, कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही म्हणून पप्पांकडे बटणांचा फोन. त्यामुळे लोकेशन नाही, मेसेजची निळी खूण नाही. आपल्याकडे त्यांची काही खबर नसायची. फक्त वेळ असायची आणि आभाळ.

मी ऑफिसमधून घाईनं घरी यायचे, तर तू दारात बसलेली. समोर काहीतरी निवडायला घेतलेलं, पण बोटं थांबलेली.

"निघाला असल."

"हो."

"आता नाक्यावर आला असल."

"एवढ्यात नाही, आत्या."

"मग थांबला असल कुठं. हुशार हाय तो. थांबत असल."

मी हातातला फोन नुसता वर केला तरी तू बघायचीस. तुझा नियम होता. गाडीवर असलेल्या माणसाला फोन करू नये. हा नियम कुठून आला तेही मला माहीत होतं. मी शाळेत होते तेव्हा असंच एकदा आभाळ आलं म्हणून तू पप्पांना फोन केला होतास. त्यांनी चालत्या गाडीवर खिशातून फोन काढायला एक हात सोडला आणि नगर नाक्याजवळच्या खडीवर गाडी घसरली. गुडघा फुटला, कोपर सोललं, बाकी काही नाही. पप्पा घरी येऊन हसत होते. तू मात्र हळद लावताना रडत होतीस. "वाजला की उचलतोस काहून रे? वाजू द्यायचा ना!" "अक्का, तुझा फोन म्हणल्यावर उचलणारच की." त्यानंतर वादळ असो, गारा असो, तू त्यांना रस्त्यात असताना कधीच फोन केला नाहीस आणि मलाही करू दिला नाहीस. मम्मी सोयगावहून विचारायची, "पोचले का?" तर तू तिलाही दटावायचीस, "त्याला नको करू. आला की मी सांगते."

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी आपलं यावरूनच वाजलं. सुट्टी नव्हती त्यांना. तू खीर करून ठेवली होतीस, पांढरी साडी नेसून तयार होतीस, विहारात जायचं होतं. आणि अंधारून आलं ते असं, की समोरचं घर दिसेना. पत्र्यावर गारा पडल्या की कुणी खडी ओतत असल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजात मी तुझ्यावर ओरडले, आणि मी ओरडत नाही, हे तुला माहीत आहे.

"मी फोन करते. एकदाच."

"नाय करायचा."

"आत्या, त्यांना काही झालं असेल तर?"

"तोंड सांभाळ."

"तुला वाटतं आपण फोन करत नाही म्हणून ते सुखरूप येतात?"

तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता. तू अगदी साधेपणानं म्हणालीस, "मग? आजवर आला का नाय?"

तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि मांडीखाली ठेवून त्यावर बसलीस. खरंच बसलीस. आणि पप्पा आले. ओलेचिंब, थरथरत, पण आले. तू उठून टॉवेल दिलास, खीर गरम करायला घेतलीस आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलंस की, बघ. ते भांडण तिथंच राहिलं. मी मनात म्हणत होते, उद्या सांगू, शांतपणे सांगू, की हा नियम नाही, ही भीती आहे, आणि ही भीती तू मला दिलीस. माझे डोळे तुझ्यासारखे नाहीत, नाक तुझ्यासारखं नाही, पण आभाळ आलं की छातीत होणारं ते मात्र हुबेहूब तुझं आहे.

तू गेलीस त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता.

महिनाभर आपण ज्या दिशेनं वाट बघत होतो तिथून काहीच आलं नाही. स्वच्छ सकाळ, धुतल्यासारखी झाडं. तू गच्चीवर गाद्या वाळत घातल्यास. खाली आलीस आणि म्हणालीस, "दम लागायला. जरा पडते." मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. चहा घेऊन आले तर तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. मी कप खाली ठेवला. मग तुझ्या खांद्याला हात लावला. शबाना भाभी आल्या, त्यांनी तुझी नाडी बघितली आणि माझा हात घट्ट धरला. डॉक्टर नंतर आले, तेव्हा त्यांना काही सांगायची गरज राहिली नव्हती.

पप्पांना कळवायचं होतं. फोन हातात घेतला आणि मला पहिल्यांदा काय सुचलं असेल? की हे कळल्यावर ते गाडीवर बसतील. तू डोळे मिटून समोर होतीस आणि मी तुझाच नियम पाळत होते. मी कंपनीच्या गेटवर फोन लावला, त्यांना बोलवून घ्यायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका अनोळखी माणसाशी इतक्या ठाम आवाजात बोलले. पप्पा गेटवरच्या फोनवर आले तेव्हा म्हणाले, "काय गं?" मी म्हणाले, "आत्याला बरं नाही. घाई नाही. तुम्ही गाडी चालवू नका, कुणाच्या तरी मागे बसून या." ते म्हणाले, "बरं." त्यांना तेव्हाच कळलं होतं. ते एका सोबत्याच्या मागे बसून आले, उतरले आणि चपला न काढता आत गेले.

मग माणसं, पाऊस, मांडवाचं गळणारं कापड, ओल्या सतरंज्या. मम्मीची रजा संपली. ती सोयगावला परत गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या पप्पांकडे लक्ष दे. ते बोलणार नाहीत." जणू मी बोलणार होते. पप्पा कामावर जायला लागले. आणि पाऊस, त्याला कुणी गेल्याचं काय? तो रोज आपल्या वेळेला येत राहिला.

पहिल्याच अशा संध्याकाळी मी दारात बसले, तुझ्या जागेवर. तुझ्यासारखं मनात म्हणत होते, निघाले असतील, थांबले असतील. शेजारच्या गल्लीत काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला. ट्रान्सफॉर्मरमधून निळा लोळ निघाला आणि अंधार झाला. फोन माझ्या हातात होता. मांडीखाली घालून बसायला तू नव्हतीस. मी बोटसुद्धा लावलं नाही. आजवर आले, आजही येतील.

पप्पा आले. गाडी स्टँडला लावलीच नाही, नुसती भिंतीला टेकवली. हेल्मेटसकट आत शिरले आणि मला ओलांडून सगळ्या घरातून फिरले. स्वयंपाकघर, मागची खोली, मोरी. मग परत आले. त्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं.

"फोन काहून नाही केला?" ते ओरडले. माझ्यावर ते कधीच ओरडले नव्हते.

"तुम्ही गाडीवर होता."

"मग? एवढं वादळ, घरून एक फोन नाही. माणसानं काय समजायचं?"

"आत्या म्हणायची, गाडीवर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही. तुम्ही पडला होता ना तेव्हा. म्हणून ती कधीच…"

ते खुर्चीत बसले. हेल्मेट काढलं, मांडीवर घेतलं. बराच वेळ त्याची काच अंगठ्यानं पुसत राहिले. काच आणखीच धूसर होत होती.

"म्हणून करायची नाही ती?"

"हो."

"मला वाटायचं, अक्का घाबरून बसलीय. विजेला किती भ्यायची ती. मला वाटायचं तिला फोन लावायचं सुचत नसल, हातपाय गळाले असतील. घरात तू लहान. काय झालं असल, काय नाही… पावसात बाकी सगळे पुलाखाली थांबायचे. मला म्हणायचे, अरे येडा झाला का, थांब की. मी एकटाच निघायचो."

आत्या, हे ऐकताना तू तिथं असायला पाहिजे होतीस.

तू फोन करत नव्हतीस, ते सावकाश यावेत म्हणून. तुझा फोन येत नव्हता म्हणून ते भरधाव येत होते. तू दारात बसून म्हणायचीस, थांबला असल, हुशार हाय तो. आणि तो हुशार माणूस छावणीतल्या झाडांखालून, वाऱ्यानं फांद्या मोडत असताना, तुझ्यासाठी गाडी पळवत यायचा. आणि तुम्ही दोघं एकमेकांना हे कधीच बोलला नाहीत. तो दारात आला की तू टॉवेल द्यायचीस आणि तो म्हणायचा, "लई पाऊस." तू म्हणायचीस, "व्हय, लई." एवढंच. इतक्या वर्षांत एवढंच.

त्या रात्री मला तुझा इतका राग आला की तुझ्या फोटोकडे बघवेना. काही झालं असतं तर? एखादी फांदी, एखादा खड्डा, एखादा कंटेनर? तू शेवटपर्यंत म्हणत राहिली असतीस की मी तर फोन केला नव्हता. मग दुसऱ्या दिवशी पाणी भरताना वेगळंच सुचलं. तुला तरी काय करता येत होतं? वीज तुझ्या हातात नव्हती, रस्ता नव्हता, कंपनीची सुटायची वेळ नव्हती. तुझ्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे फोन न करणं. तू तीच दोन्ही हातांनी घट्ट धरलीस. अंगठा सारखा त्या बटणाकडे जात असणार, आणि तू तो रोज मागे घेतलास. माझ्यासाठी कुणी असं स्वतःला आवरून बसेल का, मला माहीत नाही. बहुतेक तू बसली होतीस, माझ्या कॉलेजच्या सहलीच्या वेळी, आणि मला वाटलं होतं आत्याला माझी आठवणच आली नाही.

पप्पा आणि मी यावर जे बोललो ते फार थोडं. जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "तुझा फोन वाजला तरी भीती वाटते आता. नाही वाजला तरी वाटते." मी म्हणाले, "मलाही." मग ताट बाजूला सारून ते म्हणाले, "असं कर. आभाळ आलं की वाजव. मी चालत्या गाडीवर उचलणार नाही. वाजला की बाजूला घेईन, थांबेन, मग मीच करीन."

"नक्की?"

"अक्काची शप्पथ," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

हे बोलायला सोपं होतं. पण आज दुपारी दिवा लावावा लागला तेव्हा मॅडमना विचारून मी लवकर निघाले. रिक्षात बसल्या बसल्या वाऱ्यानं ताडपत्री फडफडायला लागली. घरी पोचले तर आपल्याकडे अजून थेंब नव्हता, पण वाळूजकडे सगळं एकसारखं काळं होतं आणि त्यात बारीक बारीक विजा हलत होत्या. ड्यूटी सुटून गेली होती. म्हणजे ते त्या काळ्यात कुठंतरी होते, गाडीवर.

मी नंबर काढला आणि दाबायला अंगठा चालेना. मला दिसत होतं ते फक्त खडी आणि एक सुटलेला हात. उचलायची सवय अशी दोन वाक्यांनी जाते का? वाजला आणि हात आपोआप खिशाकडे गेला तर? मग हा फोन माझा असेल. तुला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं, सगळं, तळापर्यंत. खरं सांगते, तुझ्या बाजूनं निकाल देऊन मी फोन खाली ठेवणारच होते.

पण मग मला ते दिसले, सगळे थांबलेले असताना एकटेच निघणारे. मी बटण दाबलं.

रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. त्यांनी उचलला नाही.

आता उचलला नाही म्हणजे काय समजायचं? शब्द पाळला म्हणून, की… मी परत लावला नाही. उभीच राहिले. वारा आपल्या गल्लीत शिरला, कुणाचं तरी दार आपटलं, भाभी ओरडून त्यांच्या मुलींना आत बोलावत होत्या. पहिले मोठे थेंब अंगणात पडले. तू हा सगळा वेळ इतकी वर्षं कशी बसून काढलीस गं?

फोन वाजला.

"हां," पप्पा म्हणाले. मागे पाऊस इतका होता की त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "थांबलोय."

"कुठं?"

"पुलाखाली. लई हायत इथं. गाड्याच गाड्या."

मागून कुणाचा तरी आवाज आला, "घरून का? सांगा त्यांना, पुलाचे जावई झालोत आम्ही, चहा बी आलाय!" आणि माणसं हसली. पप्पाही हसले असावेत.

"भिजलात?"

"अर्धा. तू कुठंय?"

"दारात."

"दारात नको बसू. आत जा. इकडून लई मोठं यायलंय."

"हो."

बोलून झालं होतं. तुला माहीतच आहे आम्ही कसे आहोत. पण त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. त्यांच्या बाजूचा पाऊस मी ऐकत होते, आणि माझ्या बाजूचा वाढत चालला होता. कुणीतरी त्यांना चहाचा कप दिला असावा. त्यांनी फुंकर घातलेली ऐकू आली.

"बरं, ठेवतो," ते म्हणाले. "अक्काला सांग, थांबलोय म्हणून."

बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं होतं. पण त्यांनी ते मागे घेतलं नाही, आणि मलाही ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

"सांगते," मी म्हणाले.

आत्या, पप्पा थांबलेत. पुलाखाली आहेत, चहा घेतायत. पाऊस उघडला की निघतील.